पावलें

घरात आम्ही कोंकणी बोलतो आणि लिहायची वेळ आली की मराठीत लिहितो. गोव्यात साखळी गावाच्या आसपास अशी घरं पुष्कळ आहेत. हे आधी सांगतो, कारण शीर्षकातला शब्द कोंकणी आहे. 'पावलें' म्हणजे पोचले. माझी मुलगी कुठेही गेली की तिथं पोचल्यावर फोनवर एवढा एकच शब्द पाठवते. मराठी डोळ्यांनी वाचलं तर त्यात देव पावल्यासारखं काहीतरी दिसतं, आणि मागच्या दीड-दोन वर्षांत कित्येक रात्री मला ते तसंच वाटलं आहे.

तिला घरात आम्ही बाय म्हणतो. बाय सोळाची झाली तेव्हा तिच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या बुडाखाली स्कूटर आली होती. गोव्यात स्कूटर ही चैन नव्हे, दुसरी चप्पल आहे. कदंबची सरकारी बस असते, खाजगी बसगाड्या असतात, पण तिन्हीसांजेनंतर आतल्या गावाकडे परतायचं म्हटलं की त्यांचा भरवसा धरता येत नाही. "पप्पा, सगळी नेतात," हे वाक्य मी त्या वर्षी किती वेळा ऐकलं असेन! मी कायद्याच्या आड लपलो. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या गाडीचा, आणि दुकानात उभ्या असतात त्या स्कूटर ११० नाहीतर १२५ सीसीच्या. त्यांना १८ पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. हे सगळं मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं. खरं सांगायचं तर कायदा नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं. फक्त कारण शोधायला त्रास पडला असता.

कारण तिला सांगण्यासारखं नव्हतं. मी वाढलो तेव्हा आमच्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक एकामागोमाग एक जात. खाणीवरून नदीकाठच्या जेटीपर्यंत, तिथून बार्ज भरून मांडवीतून मुरगाव बंदराकडे. ट्रकवाल्याला पैसे खेपेवर, त्यामुळे त्याला घाई. सांडलेली माती पहिल्या पावसात रस्त्यावर लाल लोण्यासारखी पसरायची. आमच्या वर्गातला एकजण आठवीत असताना सायकलसकट ट्रकखाली गेला. वर्षभर त्याच्या बाकावर कोणी बसलं नाही, आणि मास्तरांनीही कोणाला बसवलं नाही. पुढे २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मध्ये सुरू झाल्या, २०१८ मध्ये पुन्हा बंद. गावातला पैसा आटला. शेजारच्या अंगणात हप्ते थकलेला ट्रक उभा होता, त्याच्या टायरांवर वेल चढला होता, आणि मी मात्र मनातल्या मनात म्हणत होतो, बरं झालं, रस्ता मोकळा झाला. हे उघड बोलायची सोय नव्हती. आता ट्रक पुन्हा दिसू लागलेत आणि नेमकी याच वेळी माझी मुलगी रस्त्यावर उतरली.

त्यात २०२३ चा ऑगस्ट. बाणस्तारीच्या पुलावर एका भरधाव मोटारीने समोरच्या गाड्या उडवल्या आणि तीन माणसं गेली. त्यांत स्कूटरवरून जाणारं दिवाडीचं एक जोडपं होतं. गोव्यात ती बातमी कोणाला माहीत नाही असं घर नसेल. ती दोघं काय चुकली होती? काहीच नाही. माझ्या डोक्यात तेच बसलं. बायला मी कितीही नीट शिकवलं तरी समोरच्याला कोण शिकवणार?

नोव्हेंबरमध्ये ती अठराची झाली आणि केक कापायच्या आधी तिनं शिकाऊ परवान्याचा अर्ज भरला. आमच्या वेळी एजंटाच्या मागे फिरावं लागे. तिनं आधार क्रमांक घातला, वाहतुकीच्या खुणांची परीक्षा दिली, झालं. तो परवाना सहा महिने चालतो आणि महिना उलटल्यावर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. तो महिना तिला शिकवायचं काम माझ्याकडे आलं. म्हणजे मी ते मागून घेतलं. बायको म्हणाली होती, तू शिकवू नको, तुझ्या ओरडण्यानेच ती पडेल.

विठ्ठलापूरच्या बाजूला सकाळी सहाला रस्ता रिकामा असतो. आम्ही तिथं जायचो. मी मागच्या सीटवर, दोन्ही हात तिच्या खांद्यांच्या दोन बाजूंना हवेत धरलेले, पकडू की नको अशा बेतात. तिसऱ्या दिवशी तिनं गाडी थांबवली आणि म्हणाली, "पप्पा, तू श्वास रोखून धरतोस ना, तो मला मानेवर कळतो." मग मी खाली उतरलो आणि देवळाच्या पायरीवर बसलो. तिथून ती एवढीशी दिसायची. वळायची, यायची, पुन्हा वळायची. पुढचा ब्रेक एकटा दाबू नको, हे मी तिला दहादा सांगितलं. या लहान इंजिनाच्या नव्या स्कूटरना डावा ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना थोडा थोडा लागतो, हे मला तिनं सांगितलं. मला ते ठाऊक नव्हतं. माझी जुनी गाडी तशी नव्हती.

पहिल्या चाचणीत ती नापास झाली. आठाचा आकडा काढताना तिचा पाय टेकला. मी झाडाखाली उभा राहून बघत होतो, आणि पाय टेकला त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते इथं लिहायची लाज वाटते. मला हायसं वाटलं. आणखी एक आठवडा मिळाला. दुसऱ्या खेपेला तिनं आठ असा काढला की जणू शाईने लिहिला. मी पेढे आणले. आईनं ते देवापुढे ठेवले आणि बायच्या कपाळाला अंगारा लावला. माझ्या आईचं हे बरं असतं. ती काम देवाकडे सोपवते आणि आपण जपाला बसते.

जून २०२४ मध्ये खांडोळ्याच्या सरकारी महाविद्यालयात तिला प्रवेश मिळाला. साखळीहून न्हावेली, आमोणे, मग मांडवीवरचा पूल ओलांडला की खांडोळे. अंतर फार नाही. पण आमोण्याच्या लोखंडाच्या कारखान्याकडे जाणारी अवजड वाहनं त्याच वाटेवर, आणि पावसाळ्यात रात्री गुरं रस्त्याच्या मधोमध येऊन बसतात. डांबर गरम आणि कोरडं असतं म्हणून बसतात म्हणे. काळी गाय काळ्या रस्त्यावर पावसात बसली असेल तर ती दिसतच नाही, दिव्यात तिचे डोळे चमकले तरच कळतं.

पहिल्या दिवशी मी गाडी काढून तिच्या मागे निघालो. अंतर राखून, मध्ये दोन वाहनं ठेवून, सिनेमात पोलीस जातात तसा. पूल संपला तिथं ती बाजूला थांबली होती. मी काच खाली केली. "पप्पा," ती म्हणाली, "साखळीपासून तुझा इंडिकेटर चालू राहिलाय. मागचा बसवाला वैतागला असेल." एवढंच म्हणाली आणि निघून गेली. मी पुढे जाऊन गाडी वळवायला जागा शोधत बसलो.

मग मी मागे जाणं सोडलं आणि फोन धरला. तिच्या फोनवरून आपण कुठे आहोत हे सतत दिसत राहील अशी सोय तिनं स्वतःच लावून दिली. माझ्या हातात एक निळा ठिपका आला. बँकेत काउंटरवर माणूस उभा असायचा आणि मी टेबलाखाली ठिपका बघायचो. ठिपका वर्गात, ठिपका कँटीनमध्ये, ठिपका माशेलला. माशेलला का? तर नाटकाची तालीम. तिथं नाटकवेडी माणसं पूर्वीपासून, आणि कला अकादमीच्या स्पर्धेत उतरायचं म्हणून तिच्या ओळखीच्या मंडळींनी एक मराठी नाटक घेतलं होतं. तालमी म्हटल्या की रात्रीचे नऊ, दहा. तिला भूमिका छोटी होती, शेजारणीची. दोन प्रवेश. त्या दोन प्रवेशांसाठी मी किती रात्री जागलो याचा हिशेब दिग्दर्शकाला द्यायला हवा.

जुलैमधली ती रात्र. पाऊस धो धो. साडेनऊला ठिपका माशेलहून निघाला आणि आमोण्याच्या पुलावर थांबला. एक मिनिट. तीन मिनिटं. पाच. मी फोन केला, उचलला नाही. पुन्हा केला. सात वेळा केला. आठव्यांदा करणार तोच तिचा आवाज आला, धाप लागलेला, "येते, येते." पंधरा मिनिटांनी ती आली. रेनकोटसकट आत शिरली, पाण्याचं तळं झालं, तरी कोणी काही बोललं नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं फोन माझ्यापुढे टेबलावर ठेवला. सात चुकलेले कॉल.

पुलावर ती थांबलीच नव्हती. पावसात फोनचं इंटरनेट गेलं आणि ठिपका तिथंच अडकून बसला, एवढंच. ती सरळ येत होती. खिशात फोन वाजत राहिला, वाजतच राहिला, तेव्हा तिला वाटलं घरी आजीला काही झालं. म्हणून ती एका वळणावर, दिवे नसलेल्या जागी, रस्त्याच्या कडेला थांबली आणि रेनकोटचे बंद सोडून फोन शोधू लागली. तेवढ्यात मागून ट्रक आला. तिच्या म्हणण्याप्रमाणे आरशाला हात लावता आला असता इतक्या जवळून गेला.

"मी तुझ्यासाठी थांबले, पप्पा," ती म्हणाली.

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं केस पुसले आणि जेवायला बसली. आमटी-भात खाल्ला. माझ्या ताटात भात तसाच होता.

दुसऱ्या दिवशी तिनं ठिपका बंद केला. मला विचारून केला, पण विचारणं म्हणजे नुसती रीत होती. आमचा करार झाला. गाडीवर असताना मी फोन करायचा नाही, काही झालं तरी नाही. ती पोचल्यावर एक शब्द पाठवेल. मी म्हटलं, निघतानाही पाठव. ती म्हणाली, "नाही. निघताना सांगितलं की तू मिनिटं मोजतोस. अमुक वाजता निघाली, आता आमोणं आलं असेल, आता न्हावेली, अजून का नाही? पोचल्यावर सांगते. मधलं तुझं नाही."

मधलं तुझं नाही. हे वाक्य मी कित्येक दिवस चघळत होतो. कडू लागत होतं.

या मधल्या वेळात मी काय काय केलं! कपड्यांच्या घड्या घातल्या, त्या बायकोने पुन्हा घातल्या. शब्दकोडी सोडवली. फाटकाचं बिजागर तेल घालून घालून असं गुळगुळीत केलं की मांजर टेकलं तरी उघडेल. बायको एकदा म्हणाली, "तू काळजी करतोस ना, तेव्हा तुला वाटतं तू काहीतरी काम करतोयस. गाडी तीच चालवते रे." तिलाही काळजी असतेच, पण ती दुसऱ्या जातीची. पाऊस लागला का, खाल्लंस का, कोणाबरोबर होतीस. माझी काळजी एकमार्गी, रस्त्यावरची.

मग मी आईला विचारलं. मी वीस-बावीसचा असताना जत्रेतली नाटकं बघून रात्री दोन-तीनला मोटरसायकलवरून यायचो. तेव्हा ना फोन, ना ठिपका, ना हेल्मेट. रस्त्यावर ट्रक होते ते वेगळेच. तेव्हा तू कशी राहायचीस? मला वाटलं आता ती म्हणेल, डोळ्याला डोळा लागत नव्हता रे पुता.

"झोपायचे," आई म्हणाली. "पहाटे गोठ्यात जायचं असायचं. दाराची कडी काढून ठेवायचे आणि झोपायचे."

"काळजी नाही वाटायची?"

"काळजी करायला फुरसत लागते."

मला थोडा रागच आला. मग आठवलं, हीच बाई साडी सावरून अनोळखी पायलटच्या मागे बसून डिचोलीच्या बाजाराला जायची. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो, पायलट म्हणजे भाड्याने नेणारा मोटरसायकलवाला, पिवळ्या-काळ्या रंगाच्या गाडीचा. मागच्या सीटवर मासळीची पिशवी, एका हातात छत्री. तिला भीती वाटली असेल की नाही हे मी कधी विचारलं नव्हतं.

सप्टेंबरमध्ये एकदा बायचं हेल्मेट सोप्यावर, म्हणजे पुढच्या ओसरीवर, ठेवलेलं दिसलं आणि काहीतरी वेगळं वाटलं. जुन्यावर तिनं फुलपाखराचा स्टिकर लावला होता, तो नव्हता. उलटं करून बघितलं तर आतलं अस्तर कोरं करकरीत. "हेल्मेट नवं?" मी विचारलं. स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. माझ्या घरातल्या तीन बायका एकाच वेळी गप्प झाल्या की मला सगळं कळतं.

तीन दिवसांपूर्वी न्हावेलीजवळ ती पडली होती. बसलेली गाय दिसली, ब्रेक दाबला, ओल्या मातीवरून चाक सरकलं. ढोपर सोलवटलं होतं, म्हणून तीन दिवस ती घरात पायघोळ विजार घालून फिरत होती. हेल्मेट जमिनीवर आपटलं होतं. एकदा जोरात मार बसलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नसतं. वरून धड दिसलं तरी आतला थर दाबला गेलेला असतो, तो दुसऱ्यांदा वाचवेलच असं नाही. हे मीच तिला शिकवलं होतं. तिनं साठवलेल्या पैशातून नवं घेतलं, आयएसआयची खूण बघून. आईला माहीत होतं, आजीला माहीत होतं, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला माहीत होतं. मला नव्हतं.

"का नाही सांगितलं?"

"तुझ्याकडे बघायला लागलं असतं," ती म्हणाली. "ढोपर मी बघितलं."

त्या रात्री मी बराच वेळ सोप्यावर बसून राहिलो. पडल्याचं दुःख नव्हतं एवढं, लपवल्याचं होतं. आणि लपवलं ते माझ्या धाकाने नव्हे. माझा धाक कोणालाच नाही, घरातल्या मांजरालाही नाही. माझा घाबरा चेहरा सांभाळायचं एक जास्तीचं काम नको म्हणून.

त्यानंतर रविवारची एक रीत पडली. सकाळी आम्ही दोघं अंगणात स्कूटर उभी करतो. टायरची नक्षी किती उरली, हवा किती, ब्रेकची तार सैल झाली का, मागचा दिवा लागतो का. सुरुवातीला मी बघायचो आणि ती पाना द्यायची. आता ती बघते आणि मी पाना देतो. मधूनच ती आठवड्यातलं सांगते. अमुक वळणावर खडी पसरलीय, तमुक ठिकाणी एक बसवाला रोज कट मारतो, परवा एकदा डोळ्यांवर झोप आली म्हणून थांबून चहा घेतला. मी "हां" म्हणतो. फक्त "हां". हे एवढंसं "हां" शिकायला मला एक पावसाळा लागला. मध्येच "मग तू काय केलंस?" असं तोंडातून निघालं की ती गप्प होते आणि पुढचं सांगत नाही.

स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात तालमी लांबल्या. एका रात्री अवकाळी पाऊस लागला. तिनं सांगून ठेवलं होतं की उशीर होईल, किती ते माहीत नाही. दहा वाजले. अकराला बायको झोपली. मी सोप्यावरचा दिवा चालू ठेवला, दाराची कडी काढली आणि पुस्तक घेऊन अंथरुणावर पडलो.

जाग आली ती पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंग्याने. उजाडलं होतं. सोप्यावर हेल्मेट उलटं ठेवलेलं होतं, त्याच्या पट्ट्यातून पाण्याचा थेंब फरशीवर पडत होता. दिवा बंद होता, दाराला कडी होती. मी फोन बघितला. पलीकडच्या खोलीतून १२ वाजून ४० मिनिटांनी पाठवलेले दोन निरोप होते.

"पावलें."

आणि खाली, "घोरत होतास, म्हणून उठवलं नाही."